सोसायटीच्या मोकळ्या जागेत माणसं रमतील अशी बाग कशी करावी

सोसायटीच्या बागेची जबाबदारी अंगावर आली की बहुतेक नवे कमिटी मेंबर पहिल्याच रविवारी नर्सरी गाठतात. तिथून ठेकेदाराचं कोटेशन येतं: इतके स्क्वेअर फूट कार्पेट लॉन, गेटपाशी रॉयल पामची रांग, मधोमध कारंजं, कडेनं रंगीत पानांची झुडपं. काम होतं, उद्घाटनाचा नारळ फुटतो, आणि वर्षभरानं बघावं तर बाग हिरवीगार आणि ओस. आजोबा मंडळी पार्किंगच्या कठड्यावर बसलेली असतात, लहान मुलांच्या आया लिफ्टसमोर उभ्या असतात, आणि लॉनवर ‘हिरवळीवर चालू नये’ अशी पाटी असते.

हा लेख पहिल्यांदाच हे काम हाती घेणाऱ्यांसाठी आहे. डोळ्यांसमोर पुणे, ठाणे, नाशिक अशा शहरांतली ५० ते ३०० घरांची सोसायटी धरली आहे, जिच्याकडे तीन-चार गुंठ्यांपासून दहा-बारा गुंठ्यांपर्यंत मोकळी जागा आहे. माझं म्हणणं थोडक्यात असं: आधी माणसं बघायची, मग सावली आणि बसायच्या जागा ठरवायच्या, आणि झाडांची यादी सगळ्यांत शेवटी करायची. हा क्रम उलटा झाला की बाग फक्त गॅलरीतून बघण्यापुरती उरते.

गॅलरीतून बघण्यालाही मोल आहे, हे मात्र खरं. १९८४ साली रॉजर उलरिक यांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात एक छोटा अभ्यास मांडला. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियात पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या ४६ रुग्णांच्या नोंदी त्यांनी तपासल्या. निम्म्यांच्या खिडकीतून झाडं दिसत होती, निम्म्यांना विटांची भिंत. झाडं दिसणारे रुग्ण लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामकं कमी लागली. पुढे शिकागोच्या सरकारी वसाहतींमध्ये फ्रान्सिस क्वो आणि विल्यम सलिव्हन यांना असं आढळलं की इमारतींमधल्या ज्या मोकळ्या जागांत झाडं होती तिथे लोक जास्त वेळ बाहेर थांबत आणि शेजाऱ्यांच्या ओळखी अधिक घट्ट असत. आणि २०१९ मध्ये इंग्लंडमधल्या सुमारे २० हजार लोकांच्या माहितीवरून असं दिसलं की आठवड्याला निदान १२० मिनिटं निसर्गात घालवणाऱ्यांमध्ये आपली तब्येत आणि मन ठीक असल्याचं सांगणाऱ्यांचं प्रमाण जास्त होतं. १२० मिनिटं म्हणजे रोजची सतरा-अठरा मिनिटं. तेवढा वेळ टेकडीवर जायला सगळ्यांना जमत नाही. जिना उतरून खाली यायला मात्र जमतं, खाली थांबावंसं वाटलं तर.

१. आठवडाभर नुसतं बघा

एक वही घ्या आणि मोकळ्या जागेचा हातानं काढलेला नकाशा. सकाळी ७, दुपारी १२, दुपारी ४ आणि रात्री ८ अशा चार वेळांना खाली चक्कर मारा. कोण आहे, कुठे बसलंय, किती वेळ, एकटं की घोळक्यात, एवढंच लिहा. रविवार आणि एखादा कामाचा दिवस दोन्ही धरा.

वहीत लगेच काही गोष्टी दिसू लागतात. गेटजवळचा कठडा कायम भरलेला असतो, कारण तिथून येणारे-जाणारे दिसतात. मागच्या बाजूची सिमेंटची बाकं रिकामी असतात, कारण तिथून फक्त कंपाउंड वॉल दिसते. दुपारी कामवाल्या मावशी दोन घरांच्या मधल्या वेळात जिन्याच्या पायरीवर डबा खातात. वॉचमनकाकांना बारा तास केबिनच्या पत्र्याखाली काढावे लागतात. बागेचा विचार करताना ही माणसं सोसायटीची धरली जात नाहीत, आणि मला हे फार चुकीचं वाटतं. त्यांच्यासाठी सावलीतलं एक बाक आणि पिण्याच्या पाण्याचा नळ ही पहिल्याच आराखड्यात येणारी गोष्ट आहे.

दुसरा विसरला जाणारा गट म्हणजे तेरा ते अठरा वयाची मुलं. घसरगुंडीसाठी ती मोठी झालेली असतात आणि ज्येष्ठांच्या कट्ट्यावर त्यांना कुणी बसू देत नाही. मग ती पार्किंगमध्ये स्कूटरवर बसून असतात. त्यांना थोडीशी बाजूला, पण अगदी लपलेली नाही अशी जागा हवी असते.

खाली कधीच न दिसणाऱ्यांची वेगळी यादी करा. गुडघेदुखीनं घरात अडकलेल्या आजी, नुकतीच बाळंतीण झालेली सून, गर्दी-गोंगाट सहन न होणारं मूल. त्यांच्या घरी जाऊन विचारा, ‘खाली यायला काय अडतं?’ उत्तरं बहुधा साधी असतात: दोन पायऱ्या आहेत आणि धरायला काही नाही, बाकाला पाठ नाही, संध्याकाळी डास चावतात, खाली आलं की दहाजण चौकशी करतात. ही उत्तरं म्हणजे तुमचा अर्धा आराखडा.

२. ऊन कुठून येतं ते समजून घ्या

या पायरीवर सगळ्यांत जास्त वेळ घालवा. आपल्याकडे बाग ओस पडण्याचं सर्वांत मोठं कारण ऊन हेच असतं.

पुण्याचं अक्षांश साधारण साडेअठरा अंश. मे महिन्याच्या मध्यावर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि सावली पायाखाली जाते. शून्य सावलीचा दिवस आपण ज्याला म्हणतो तो हाच. याचा व्यवहारातला अर्थ असा की ऐन उन्हाळ्यात भर दुपारी बारा मजली इमारतसुद्धा शेजारच्या अंगणाला सावली देत नाही. ती फक्त झाड देतं, किंवा मांडव. डिसेंबरअखेर नेमकं उलटं असतं. सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो आणि दुपारी बारालाही ३६ मीटर उंचीच्या इमारतीची सावली उत्तरेला ३०-३२ मीटर पसरते. उत्तरेकडच्या अंगणात मग थंडीत दिवसभर ऊन पोचत नाही. ज्येष्ठांना कोवळ्या उन्हात बसायला आवडतं तो हाच काळ, तेव्हा त्यांची सकाळची जागा इमारतीच्या पूर्वेला किंवा दक्षिणेला काढा.

पश्चिमेचं ऊन सगळ्यांत त्रासदायक. मार्च ते मे दुपारी तीन ते सहा ते तिरपं येतं, पेव्हर ब्लॉक आणि भिंती तापवतं, आणि अंधार पडल्यावरही त्या भिंती उष्णता सोडत राहतात. म्हणून हातात पैसे थोडेच असतील तर मोठी झाडं पश्चिमेला लावा.

बागकामाच्या परदेशी पुस्तकांत एक सल्ला हमखास असतो: पानगळीची झाडं लावा, म्हणजे उन्हाळ्यात सावली आणि हिवाळ्यात ऊन मिळेल. आपल्याकडे तो सरसकट लागू पडत नाही. आपली पुष्कळ झाडं फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये, म्हणजे ऊन तापायला लागतं तेव्हा पानं टाकतात. बहावा मार्च-एप्रिलमध्ये उघडा होतो आणि मग पिवळ्या घोसांनी भरतो. डोळ्यांचं पारणं फिटतं, पण त्याच्याखाली बाक ठेवलं तर एप्रिलच्या दुपारी तिथे बसवत नाही. पांगाऱ्याचंही तसंच. बाकाशेजारी बकुळ लावा, ती वर्षभर गर्द असते. करंज पानं टाकतो, पण लगेच नव्या चकचकीत पालवीनं भरतो आणि उन्हाळा सांभाळतो. कडुनिंबही पाडव्याच्या सुमाराला नव्या पानांत असतो. बहावा समोर दिसेल असा लावा, बसा बकुळीखाली.

३. जमिनीखाली काय आहे?

मोकळी जागा खऱ्या जमिनीवर आहे की पार्किंगच्या स्लॅबवर, म्हणजे पोडियमवर, याचा शोध आधी घ्या. बिल्डरकडून मिळालेला मंजूर नकाशा काढा. त्यात पाण्याची टाकी, ड्रेनेजची लाइन, विजेची केबल कुठून गेली ते दिसेल. मोकळ्या जागेची हद्दही त्यातच कळेल. मुंबई वगळता राज्यातल्या बहुतेक शहरांना लागू असलेल्या २०२० च्या एकत्रित विकास नियमावलीत ४,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावर १० टक्के मोकळी जागा सोडावी लागते. कुणी तिथे जादा पार्किंगचा प्रस्ताव आणला तर हा नकाशाच टेबलावर ठेवायचा.

पोडियमवर माती टाकण्याआधी स्ट्रक्चरल इंजिनीअरचा लेखी सल्ला घ्या. यात तडजोड नको. भिजलेली माती घनमीटरला पावणेदोन ते दोन टन भरते. म्हणजे एक फूट जाडीच्या ओल्या मातीचा भार चौरस मीटरला साडेपाचशे-सहाशे किलो होतो. झाडासाठी तीन-चार फूट माती टाकायची म्हटलं तर भार चौरस मीटरला दोन टनांच्या आसपास जातो, आणि झाडाचं वजन वेगळंच. गवताला आणि वेलींना २०-३० सेंटिमीटर माती पुरते, झुडपांना ४५-६०, लहान झाडाला ९० ते १२०. म्हणून पोडियमवर मोठी कुंडी ठेवायची तर खालच्या खांबाच्या डोक्यावर ठेवतात. माती हलकी करायला कोकोपीट आणि कंपोस्ट मिसळता येतं. पाणी निघून जाण्याची वाट आणि वॉटरप्रूफिंगची तपासणी झाल्याशिवाय एकही घमेलं माती ओतू नका. खाली कुणाच्या गाडीवर पाणी टपकलं की त्या दिवशी बाग बंद पडते.

खरी जमीन असेल तर नशीब. पण बांधकामाचा राडारोडा खाली दाबलेला असतो, हे गृहीत धरा. दोन-तीन ठिकाणी हातभर खड्डा खणून बघा. विटांचे तुकडे आणि सिमेंट लागलं तर झाडापुरता तीन फूट लांब, रुंद, खोल खड्डा करून त्यात पोयटा, शेणखत आणि थोडी नीमपेंड भरा. सगळ्या जागेची माती बदलत बसायची गरज नाही.

४. असलेली झाडं आधी वाचवा

वीस वर्षांचं झाड जी सावली देतं ती नवीन रोप तुमच्या कमिटीच्या कारकिर्दीत देणार नाही. म्हणून कुठलाही आराखडा असलेल्या झाडांभोवती बेतायचा.

पहिलं काम म्हणजे बुंध्याला आवळलेलं काँक्रीट आणि पेव्हर काढणं. राष्ट्रीय हरित लवादानं २०१३ मध्ये दिल्लीच्या एका प्रकरणात झाडाभोवतीचं एक मीटरपर्यंतचं काँक्रीट काढण्याचा आदेश दिला होता. तेवढं माप किमान समजा, शक्य तिथे जास्त सोडा. ब्रेकर चालवू नका, छिन्नी-हातोड्यानं काढा, कारण अन्न-पाणी घेणारी बरीचशी मुळं वरच्या थरातल्या मातीतच असतात. मग त्या आळ्यात पालापाचोळा पसरा. खोडाला ठोकलेले खिळे, फ्लेक्सच्या तारा, दिव्यांच्या माळा काढा.

झाडाभोवती पार बांधायची इच्छा सगळ्यांनाच होते. जरूर बांधा, पण खोडापासून चांगला लांब, आणि आत मातीची पातळी वाढवू नका. पारात माती भरून खोड फूटभर गाडलं गेलं की झाड हळूहळू कुजतं. कारण लक्षात येईपर्यंत चार-पाच वर्षं गेलेली असतात.

छाटणीचं म्हणाल तर महाराष्ट्रात नागरी भागातल्या झाडांना १९७५ च्या कायद्याचं संरक्षण आहे. झाड तोडायला वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, आणि फांद्या छाटायच्या असल्या तरी महापालिकेच्या उद्यान विभागाकडे अर्ज करूनच हात लावा. २०२१ च्या दुरुस्तीनंतर ५० वर्षं किंवा त्याहून जुनं झाड वारसा वृक्ष मानलं जातं. तुमच्या आवारात असं झाड असेल तर तिथेच बागेचं मध्य धरा.

५. बसायच्या जागा

माझा या कामातला सगळ्यात ठाम आग्रह बाकांबद्दल आहे. कारंज्याचे पैसे वाचवून चांगली बाकं घ्या.

बैठकीची उंची ४५ सेंटिमीटरच्या आसपास हवी. पाठ हवीच, आणि दोन्ही बाजूंना हात हवेत. गुडघे दुखणारा माणूस बसताना नाही तर उठताना अडतो. हाताला आधार असेल तर तो न घाबरता बसतो. ग्रॅनाइटच्या बैठका उन्हात तापतात आणि थंडीत गारठतात, लोखंडी त्याहून वाईट. लाकूड किंवा लाकडासारख्या फळ्या उत्तम. शेजारी व्हीलचेअर किंवा बाबागाडी उभी राहील एवढी फरसबंद जागा सोडा, म्हणजे आजोबा बाजूला पडणार नाहीत.

बाकं एका रांगेत मांडू नका. रांगेत बसलेली माणसं समोर बघतात, एकमेकांशी बोलत नाहीत. दोन बाकं काटकोनात ठेवली की गुडघे एकमेकांकडे वळतात आणि गप्पा सुरू होतात. सात-आठ जणांचा भजनाचा किंवा पत्त्यांचा गट असेल तर अर्धगोल कट्टा. पाठीमागे झुडूप, भिंत किंवा खोड असावं, समोर काहीतरी हालचाल दिसावी. गेट, मुलांची खेळायची जागा, पक्षी येणारं झाड, काहीही चालेल. पाठ उघडी असेल तर माणूस फार वेळ टेकत नाही.

गप्पांच्या कट्ट्याइतकीच एकट्यानं बसायची जागा महत्त्वाची. ज्याचं नुकतंच कुणी गेलं आहे, ज्याची नोकरी गेली आहे, जिला घरात पाच मिनिटं शांत मिळत नाहीत, अशा माणसाला दहाजणांच्या नजरेसमोर बसायचं नसतं. एका कोपऱ्यात, मुख्य वाटेपासून चार पावलं आत, एकच छोटं बाक ठेवा. भोवती कमरेएवढी झुडपं, समोर एखादं फुलझाड. मात्र जागा पूर्ण लपलेली नको, नाहीतर संध्याकाळनंतर बायका तिकडे फिरकणार नाहीत. झुडपं तीन फुटांखाली आणि झाडांच्या फांद्या सात फुटांवर ठेवल्या की मधल्या पट्ट्यातून नजर आरपार जाते आणि आडोसाही मिळतो.

तळमजल्याच्या बेडरूमच्या खिडकीला चिकटून कट्टा करू नका. रात्री दहाच्या हसण्या-खिदळण्यावरून सोसायटीत जी भांडणं होतात ती बरीचशी इथेच सुरू होतात. मध्ये दाट झुडपांचा पट्टा आणि निदान सात-आठ मीटर अंतर ठेवा.

पक्की बाकं बसवण्याआधी महिनाभर प्लॅस्टिकच्या खुर्च्या खाली ठेवून बघा. लोक त्या उचलून जिथे नेतील तीच बाकांची खरी जागा.

६. वाट

एक वळसा घालून परत त्याच जागी येणारी वाट करा, मध्येच संपणारी नको. विसरभोळेपणाचा आजार असलेल्या माणसाला अशी वाट सोपी जाते, तो चालत चालत घराशीच येतो. रुंदी दीड मीटर, म्हणजे दोघं बोलत चालू शकतात. पायऱ्यांऐवजी उतार द्या: एक फूट चढायला बारा फूट लांबी, आणि कडेला धरायला रेलिंग. दर तीस-चाळीस पावलांवर टेकायला काहीतरी असावं. हृदयाच्या शस्त्रक्रियेनंतर फिरायला निघालेल्या माणसाला पुढचं बाक दिसलं की धीर येतो. पॉलिश केलेल्या फरशा पावसात निसरड्या होतात, त्या टाळा. खरबरीत फरशी किंवा सांधे मातीचे ठेवून बसवलेली घडीव दगडं चांगली, त्यातून पाणीही मुरतं. दिवे कमी उंचीवर, पिवळसर उजेडाचे, वाटेवर पडणारे. झाडांवर रात्रभर फोकस मारू नका, पाखरं झोपत नाहीत.

७. आता झाडं

इथवर आलात की नर्सरीत जायला हरकत नाही.

आधी पहिल्या-दुसऱ्या मजल्यावरच्या चार घरांत जाऊन खिडकीतून बघा. शहरातल्या झाडांचे डच अभ्यासक सेसिल कोनायनेंडाइक यांनी २०२१ मध्ये ३-३०-३०० असं एक सूत्र मांडलं: प्रत्येक घरातून निदान ३ झाडं दिसावीत, वस्तीत ३० टक्के भागावर झाडांचं छत्र असावं आणि ३०० मीटरच्या आत सार्वजनिक बाग असावी. मधलं आणि शेवटचं तुमच्या हातात नाही. पहिलं पूर्णपणे आहे. जी माणसं अंथरुणाला खिळली आहेत त्यांची बाग म्हणजे ती खिडकीच.

मग वर्षाचं कॅलेंडर समोर ठेवून झाडं निवडा, म्हणजे प्रत्येक ऋतूत खाली यायला काहीतरी कारण असेल. फेब्रुवारी-मार्चमध्ये पांगारा, त्यावर मैना आणि सूर्यपक्षी गर्दी करतात. त्याला काटे असतात, तेव्हा मुलांच्या खेळापासून दूर. एप्रिल-मेमध्ये बहावा आणि ताम्हण, आपलं राज्यफूल. पावसात कदंब, पण त्याला जागा भरपूर लागते. श्रावण-भाद्रपदात प्राजक्त, सकाळी फरसबंदीवर सडा पडेल अशा ठिकाणी लावा. थंडीच्या तोंडाला कांचन. सोनचाफा आणि बकुळ वासासाठी. मोठा कोपरा असेल तर एक उंबर, पक्ष्यांची वर्दळ थांबणार नाही. भिंतीपासून आणि टाकीपासून मात्र लांब. जांभूळ पार्किंगवर नको.

कढीपत्ता आणि लिंबू लावलंत तर फुलपाखरं घरबसल्या येतात, कारण त्यांच्या अळ्या हीच पानं खातात. ब्लू मॉर्मन हे महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरूही लिंबाच्या कुळावरच वाढतं. तेव्हा पानं कुरतडलेली दिसली की लगेच फवारणी मागवू नका.

काही झाडं टाळा. लाल आणि पिवळी कण्हेर विषारी, जिथे रांगती मुलं आहेत तिथे नकोच. सप्तपर्णीचा शरद ऋतूतला उग्र वास दम्याच्या रुग्णांना त्रास देतो. गुलमोहर आणि पिचकारी वाऱ्या-पावसात फांद्या टाकतात, गाड्यांशेजारी नको. रॉयल पाम जागा आणि पाणी दोन्ही घेतो आणि सावली देत नाही. मियावाकी पद्धतीची दाट लागवड सध्या लोकप्रिय आहे. महामार्गाकडेला धूळ-आवाज अडवायला ती ठीक, पण सोसायटीच्या चार गुंठ्यांत तिच्या आत पाऊलसुद्धा ठेवता येत नाही.

आणि एक वाफा तोडण्यासाठी ठेवा. पहाटे देवासाठी फुलं कोण तोडून नेतं यावरून प्रत्येक सोसायटीत कुजबुज असते. ‘फुलं तोडू नका’ची पाटी लावून ती मिटत नाही. त्यापेक्षा जास्वंद, तगर, मोगरा, दुर्वा, तुळस यांचा एक वेगळा वाफा करा आणि इथून हवं तेवढं न्या असं जाहीर करा. शमी, आपटा, बेल एका कडेला असले की गणपतीला पत्री आणि दसऱ्याला आपट्याची पानं खालीच मिळतात. अशा वाफ्यापाशी सकाळी सहाला माणसं भेटतात, आणि ज्या आजी एरवी कधी खाली येत नाहीत त्या परडी घेऊन येतात. त्याच्याच शेजारी अडीच फूट उंचीचे दोन ओटे बांधून त्यात मेथी, कोथिंबीर, मिरची लावली तर वाकता न येणाऱ्यांनाही मातीत हात घालता येतो.

८. लॉन किती ठेवायचं

उन्हाळ्यात लॉनला चौरस मीटरला रोज चार-पाच लिटर पाणी लागतं. हजार चौरस फुटांना चारशे-साडेचारशे लिटरच्या आसपास. टँकर मागवणाऱ्या सोसायटीत हे कुणालाच पटत नाही, आणि पटू नये. मुलांना लोळायला, योगासनांना पुरेल एवढाच तुकडा ठेवा आणि त्यावर चालायला मोकळीक द्या. बाकीच्या जागी झाडांखाली पालापाचोळ्याचं आच्छादन. सोसायटीचा सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्प असेल तर त्याचं पाणी झाडांना ठिबकनं द्या. मुलं खेळतात तिथे आणि भाज्यांना ते नको.

कारंजी आणि छोटी तळी यांबद्दल मी सावध आहे. पाण्याचा आवाज मनाला निववतो हे खरं, पण डेंग्यूचा डास साठलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो आणि आठवडा-दहा दिवसांत नवी पिढी उडू लागते. पंप बंद पडला की दुरुस्तीला महिना जातो. पक्ष्यांसाठी उथळ परळ ठेवा आणि रोज पाणी बदला, ते सोपं आहे. कबुतरांना दाणे मात्र नकोत. त्यांच्या वाळलेल्या विष्ठेची धूळ फुप्फुसांना इजा करते.

९. मंजुरी, पैसे आणि माळीकाका

वार्षिक सर्वसाधारण सभा सप्टेंबरअखेरपर्यंत होते. तिथे पूर्ण बागेचा भव्य प्रस्ताव मांडलात तर खर्चाच्या आकड्यावरच चर्चा संपेल. एका कोपऱ्यासाठी मंजुरी मागा: दोन बाकं, तीन झाडं, काढलेलं काँक्रीट. तुमच्या वहीतल्या नोंदी वाचून दाखवा. हिवाळ्यात वाट आणि बाकं करा, मे महिन्यात खड्डे खणून उन्हात तापू द्या, आणि जूनमध्ये दोन चांगले पाऊस झाले की रोपं लावा. पाच-सहा फुटी, जाड खोडाची रोपं घ्या आणि बांबूचा आधार द्या.

खर्चाचा अंदाज करताना लागवडीइतकेच पैसे पहिल्या दोन वर्षांच्या निगेसाठी बाजूला काढा. त्यातला मोठा वाटा माळीकाकांचा असावा. आठवड्यातून दोनदा तासभर येणारा माळी फक्त कुंपण कापून जातो. आराखडा करताना त्यांना बरोबर घ्या. पाणी कुठे तुंबतं, कुठलं रोप दरवर्षी मरतं, हे त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नसतं. नळाची तोंडं, खुरपी-पाट्या ठेवायची खोली आणि पाचोळ्याचं खत करायचे दोन पिंप, हे सगळं नकाशावर सुरुवातीलाच दाखवा. पाचोळा जाळू नका, जाळू देऊ नका.

देखभालीची कामं वाटून घेताना मुलांना रोपं दत्तक द्यायची पद्धत आहे. ती चालते, पण परीक्षांच्या काळात, म्हणजे नेमकी उन्हाळ्याच्या तोंडावर, बंद पडते. तेव्हा पाणी घालणाऱ्या मोठ्या माणसांची यादी वेगळी ठेवा.

वर्ष झालं की तीच वही घेऊन त्याच चार वेळांना पुन्हा चक्कर मारा. जे बाक कायम रिकामं दिसेल ते उचलून दुसरीकडे न्या. ज्या घरी ‘खाली यायला काय अडतं’ असं विचारलं होतं तिथे परत जा, आणि त्यांच्या उत्तरावरून पुढचा कोपरा ठरवा.